कूलंट पुन्हा पुन्हा कमी होते : गळती शोधण्याचा क्रम आणि थांबण्याची जागा

लक्षणे

कूलंटच्या बाटलीतील पातळी खालच्या खुणेला येते, मालक ती वरच्या खुणेपर्यंत भरतो आणि तीन-चार आठवड्यांनी तेच पुन्हा घडते. सांगलीत गॅरेज चालवताना ही तक्रार माझ्यासमोर सतत येत असते. इंजिन गार ठेवणारे हे कूलंट बंद वाटेने फिरते. ते पेट्रोलसारखे जळून संपण्यासाठी नसते, आणि झाकण, नळ्या व सांधे धडधाकट असतील तर वर्षभरात पातळी फारशी हलू नये. म्हणून ती वारंवार उतरत असेल तर कूलंट गाडीबाहेर तरी जात आहे किंवा इंजिनाच्या आत तरी जात आहे, असे धरूनच पुढे चालावे. बाटली भरल्याने थोडे दिवस निभावतात, पण गळतीची जागा तशीच राहते आणि एखाद्या दिवशी घाटाच्या चढावर तिचा हिशेब पुरा होतो.

पहिले लक्षण गाडीखालच्या ओलाव्याचे. सकाळी फरशीवर थेंब दिसले म्हणजे ते कूलंटच असेल असे नाही. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला वास नसतो, बोटांत घेतल्यावर ते चिकटत नाही आणि बहुतेक गाड्यांत ते इंजिन व केबिन यांमधील पडद्याखाली पडते. इंजिन ऑइल काळपट असते आणि फरशीवर डाग धरते. कूलंट हिरवे, लाल, गुलाबी, निळे किंवा नारिंगी असू शकते. ते बोटांत बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर त्या रंगाची किंवा पांढरट खपली मागे राहते. वास घेऊन आणि पाहून ओळखावे, चव कधीही घेऊ नये.

दुसरे लक्षण वासाचे. गाडी थांबवून बोनेटजवळ उभे राहिले असता गोडसर वास येणे म्हणजे गरम भागावर कूलंटचे थेंब पडून वाळत आहेत. अशा गाडीखाली थेंब सापडतच नाही, कारण ते जमिनीपर्यंत पोहोचण्याआधी आटून जाते. हाच वास केबिनमध्ये येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर गळती डॅशबोर्डच्या आतील हीटरच्या जाळीत असण्याचा संभव मोठा आहे.

तिसरे लक्षण तापमानाचे. सपाट रस्त्यावर काटा जागेवर राहतो, पण पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढाला, कोकणातून येताना आंबा घाटात, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत असताना तो वर सरकू लागतो. हल्लीच्या अनेक गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत इंजिन आधीच जास्त तापलेले असते. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट बरेचसे निघून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर तो खरे तापमान दाखवत नाही. इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा मध्यावर किंवा त्याहीखाली राहू शकतो. काटा ठीक आहे म्हणून बोनेट न उघडणे यासाठीच धोक्याचे आहे. याउलट गरम इंजिनात हीटर लावूनही गार वारा येत असेल, तर आत कूलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे, ही सूचना फुकट मिळते.

गाडी तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणे आणि ऑइल दुधाळ होणे ही वेगळ्या जातीची लक्षणे आहेत. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे, पण ती दिसत असतील तर मधल्या तपासण्या न करता थेट तिकडेच वळावे.

हात लावण्यापूर्वी

चालू असताना कूलंटची व्यवस्था दाबाखाली असते आणि तो दाब मुद्दाम ठेवलेला असतो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यावर सुमारे १ बार जादा दाब दिला तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल मिसळलेले कूलंट त्याहूनही पुढे टिकते. गरम गाडीचे झाकण उघडताच हा दाब क्षणात जातो, आतले कूलंट एकदम उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर, हातांवर येते. शिटी न काढता कुकर उघडण्यासारखाच हा प्रकार आहे आणि त्याने होणारे भाजणे गंभीर असते. इंजिन बंद करून किमान तासभर थांबावे, वरच्या जाड होज पाइपला (रबरी नळीला) हात लावून तो गार झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरही झाकणावर जाड फडके टाकून ते आधी थोडेसेच फिरवावे. फुसफुस आवाज आला तर हात काढून घ्यावा आणि पुन्हा थांबावे.

रेडिएटरचा विजेचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही आपोआप सुरू होतो, म्हणून बोटे, सदऱ्याच्या बाह्या आणि ओढणी त्यापासून दूर ठेवावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. अ‍ॅल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) अशा धक्क्याने वाकते किंवा त्याला तडा जातो. शिवाय कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. त्याची चव गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या मात्रेनेही दगावतात. अंगणात सांडलेले कूलंट भुशाने किंवा कोरड्या मातीने टिपून घ्यावे, जागा धुवावी, आणि काढलेले कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या पाटात कधीही ओतू नये.

पातळी नीट मोजणे

पहिल्या तपासणीला काही खर्च नाही, आणि बहुतेक जण तीच वगळतात. गाडी सपाट जागेवर लावावी, सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बाटलीवर पातळीच्या जागी कागदी टेप चिकटवून रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी तारीख व किलोमीटर लिहावेत. कूलंट गरम झाल्यावर फुगते, त्यामुळे संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी आणि सकाळी गार गाडीत पाहिलेली पातळी यांची तुलना केली तर गळती नसतानाही ती आहे असे वाटते. आठवडाभर याच पद्धतीने पाहिल्यावर किती कमी होते आणि कशामुळे होते, याचा अंदाज येतो. उभ्या गाडीत पातळी उतरत असेल तर गळती बहुधा बाहेरची आहे. फक्त लांबच्या किंवा चढाच्या प्रवासानंतर उतरत असेल, तर दाब वाढल्यावरच उघडणारी एखादी चीर, कमजोर झाकण किंवा हेड गॅसकेट (हेडखालचे पॅकिंग) यांच्याकडे बोट जाते. पातळी एका विशिष्ट उंचीपर्यंत उतरून तिथेच थांबत असेल, तर बाटलीला नेमकी त्याच उंचीवर चीर आहे, हे जवळपास ठरलेच.

बाटलीचे दोन प्रकार आहेत आणि कुठला आपला आहे हे माहीत असावे. काही गाड्यांत रेडिएटरला स्वतःचे झाकण असते आणि बाजूची बाटली फक्त जादा कूलंट साठवते. इतर गाड्यांत, विशेषतः बऱ्याच डिझेल गाड्यांत, रेडिएटरला झाकणच नसते. बाटलीच दाबाखाली असते आणि तिला आट्यांचे झाकण असते. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसूनही रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो, कारण झाकणाची उलटी झडप किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी खराब झाली की गार होताना बाटलीतील कूलंट परत आत ओढले जात नाही. म्हणून अशा गाडीत गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहिल्याखेरीज पातळी ठीक आहे असे म्हणू नये. कूलंट तोंडाशी दिसले पाहिजे.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने खुणवाव्यात. सकाळी डाग कुठे पडला आहे त्यावरून वर कुठे पाहायचे ते कळते. बंपरच्या मागे डाग असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज, बेल्टच्या बाजूला असेल तर कूलंट फिरवणारा वॉटर पंप, मागे पडद्याजवळ असेल तर हीटरच्या नळ्या. मात्र बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली प्लॅस्टिकची ताटली बसवलेली असते आणि तिच्यावरून कूलंट वाहत भलतीकडेच पडते. थेंब जिथे पडतो ती गळतीची जागा नव्हे, हे मी आमच्या हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. ओघळ पाहायचा आणि तो ओघळ वरच्या टोकापर्यंत मागे मागे न्यायचा. सर्वांत उंच ओली किंवा खपली धरलेली जागा सापडली की तपास बराचसा संपतो.

झाकण

त्यानंतर झाकण, कारण ते काही शे रुपयांत मिळते, हाताने बदलता येते आणि त्याच्यामुळे होणारी कूलंटची घट कुठल्याही छिद्राशिवाय होते. झाकणात एक दाबाची झडप असते आणि एक उलटी. पहिलीचा स्प्रिंग किंवा रबर थकला की व्यवस्थेत दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि बाटलीतून वाफेने किंवा ओघळून बाहेर जाते. मग मालक पाइप बदलतो, रेडिएटर धुऊन घेतो, आणि दोष तसाच राहतो. झाकण उलटे करून रबराला चिरा, चपटेपणा किंवा साका आहे का ते पाहावे, ते ज्या तोंडावर बसते ती कड बोटाने चाचपावी. झाकणावर ०.९, १.१ किंवा ८८, १०८ असा आकडा असतो; तो दाबाचा आहे आणि नवे झाकण त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त आकड्याचे झाकण बसवले तर गाडी कमी तापेल हा समज चुकीचा आहे. जादा दाबाने जुने होज आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फाटतात.

होज पाइप आणि क्लिपा

गार इंजिनात वरचा, खालचा आणि हीटरकडे जाणारे दोन्ही होज हाताने दाबून पाहावेत. चांगला होज दाबला की परत फुगतो. लिबलिबीत झालेला, दगडासारखा कडक झालेला, वाकवल्यावर बारीक चिरा दाखवणारा किंवा क्लिपेजवळ फुगलेला होज बदलावा, मग तो आज गळत असो वा नसो. होजच्या टोकाशी क्लिपेभोवती रंगीत खपली दिसली तर तिथे पाझर आहे. दरवेळी होजच खराब असतो असे नाही. त्याच्या आतील अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाला गंज लागून खड्डे पडलेले असतात आणि नवा होजही त्यांवर घट्ट बसत नाही. होज काढून ते तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करावे, खड्डे खोल असतील तर तो भाग बदलावा.

क्लिपांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे हाताने केलेले नुकसान मी फार पाहिले आहे. कंपनीकडून येणारी स्प्रिंगची क्लिप होज फुगला-आकसला तरी स्वतःहून ताण धरून ठेवते. गॅरेजमध्ये तिच्या जागी स्क्रूची क्लिप लावली जाते. ती वाईट नाही, पण होज कालांतराने दबला की ती सैल पडते आणि पुन्हा आवळावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी ठिबकणारी आणि इंजिन तापल्यावर थांबणारी गळती बहुधा याच सैल क्लिपेची असते, कारण गारठ्यात रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अशी क्लिप जेमतेम आवळावी. जोर लावून आवळली की तिची कड होजमध्ये रुतते आणि रेडिएटरचे प्लॅस्टिकचे तोंड तडकते. चाळीस रुपयांच्या क्लिपेपायी काही हजारांचा रेडिएटर जातो.

उसाच्या फडाजवळ किंवा गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या खुणाही शोधाव्यात. पावसाळ्यात आणि ऊस तुटल्यानंतर उंदीर उबेसाठी बोनेटखाली शिरतात आणि बारीक नळ्या व वायरी दोन्ही तोडतात. बाटलीकडे जाणारी बोटाएवढी नळी खालच्या बाजूने कुरतडलेली असली तर ती वरून दिसत नाही, म्हणून तिच्यावरून पूर्ण बोट फिरवावे.

बाटली आणि रेडिएटर

उष्णतेने प्लॅस्टिक पिवळे आणि ठिसूळ होते, आणि बाटली जोडाच्या रेघेवर उकलते. दाबाखालच्या बाटलीला एम-सील किंवा गरम प्लॅस्टिक लावून चालत नाही. ती बदलावी.

रेडिएटरमध्ये तीन जागा पाहायच्या. आजच्या बहुतेक रेडिएटरांत अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, आणि या दोहोंच्या मध्ये रबर घालून धातूची कड दुमडलेली असते. हा दुमडलेला सांधा सर्वांत आधी पाझरतो. तिथे पांढरट-हिरवी रेघ दिसते. दुसरी जागा जाळीची. तिच्यासमोर एसीचा कंडेन्सर (एसीची जाळी) असल्याने दगड आधी त्याला लागतो, तरीही खडीच्या रस्त्यावर खालच्या भागाला मार बसतो. तिसरी जागा खालची तोटी, जिची ओ-रिंग (रबरी कडी) थकते. ती मात्र स्वस्त आहे.

सांगलीत २०१९ आणि २०२१च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांच्यापैकी काहींच्या जाळीत आणि कंडेन्सरमधल्या फटीत गाळ वर्षानुवर्षे तसाच असतो. बाहेरून धुतलेली गाडी आतून धुतली जात नाही. हा गाळ ओल धरून ठेवतो, पातळ अ‍ॅल्युमिनियम आतल्या बाजूने खाल्ले जाते, आणि वाराही अडतो. गळीत हंगामात उडणारे पाचटाचे तुकडेही याच फटीत बसतात. जाळी धुताना मागून पुढे, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट, मंद धारेने धुवावी. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली की पाती आडवी होतात आणि वारा जाणेच बंद होते.

तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला रेडिएटरवाला डाग देऊन देतो आणि ते काम वर्षानुवर्षे टिकते. अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला तशी सोय नाही. दुमडलेली कड पुन्हा दाबून घेतलेले काही रेडिएटर थोडे दिवस चालतात, पण आतले रबर थकलेले असल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी परत येते. ते पैसे नव्या रेडिएटरमध्ये घालावेत, असेच मी सांगतो.

हळद, पावडर आणि बोअरचे पाणी

सांगली ही हळदीची पेठ असल्याने रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. हळदीची पूड पाण्यात फुगते, गळतीच्या दिशेने ओढली जाते आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र तात्पुरते बुजवते. जुन्या ट्रकच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद असत, म्हणून त्यांना ते चालून जाई. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या फार अरुंद आहेत. छिद्र आणि वाट यांतला फरक हळदीला कळत नाही. ती गळती बुजवते आणि वाटाही बुजवते. त्यानंतर गळती बंद पण गाडी तापते, अशी अवस्था येते, आणि मग रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) व हीटरची जाळी या तिन्हींचा खर्च समोर उभा राहतो. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पावडरी आणि द्रव यांचे कामही याच तत्त्वावर चालते. रात्री घाटात अडकून जवळच्या गावापर्यंत पोहोचायचे असेल तर वापरावे, पण त्यानंतर लगेच सगळी व्यवस्था धुऊन घ्यावी आणि काय टाकले होते ते मेकॅनिकला स्पष्ट सांगावे. हे लपवले की त्याचा तपास चुकीच्या दिशेने जातो.

साध्या पाण्याचेही असेच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतील बोअरचे आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरींचे पाणी जड असते. ते वर्षभर रेडिएटरमध्ये राहिले तर नळ्यांत क्षारांचा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि गंज रोखणारी रसायने नसल्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट लागत नाही, असे बरेच लोक म्हणतात. आपल्या हवेत कूलंटचा खरा उपयोग गंज रोखणे आणि उकळण्याचा बिंदू वर नेणे हाच आहे. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: काही वेळा या क्षारांच्या थरानेच एखादे छिद्र बुजलेले असते आणि व्यवस्था धुतल्यावर गळती उघडी पडते. ती धुण्याने झालेली नसते, आधीपासून होती.

दाबाची चाचणी

इथवर काही सापडले नाही तर भाग बदलत बसण्यापेक्षा गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घ्यावी. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावरील आकड्याएवढाच दाब भरतात. पंधरा मिनिटांत काटा खाली आला तर गळती आहे, आणि इंजिन बंद व गार असल्याने हात घालून शांतपणे ती शोधता येते. गाडी चालू असताना उडणारा थेंब लगेच वाळतो, तो या चाचणीत जागेवर उभा राहतो. झाकणही याच यंत्रावर वेगळे तपासता येते. ज्या गॅरेजमध्ये हे साधन नाही आणि तरीही थेट रेडिएटर किंवा हेड उतरवण्याचा सल्ला मिळतो, तिथे मी गाडी सोडणार नाही. काटा पडतो पण बाहेर थेंब दिसत नाही, तर केबिनमधील गालिचा उचलून हीटरखाली हात लावावा. तोही कोरडा असेल तर गळती इंजिनाच्या आत आहे.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट

वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील थकले की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. तिथून खाली ओघळाची रेघ दिसणे, पुली हाताने हलवल्यावर खेळ जाणवणे किंवा बेल्टच्या बाजूने घरघर येणे म्हणजे पंप गेला. ते भोक कोणत्याही लेपाने बंद करू नये. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर हौशी माणूस तो बदलू शकतो. तो टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) असेल तर इथे थांबावे. टायमिंग चुकले तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट कधी तुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून पंपाबरोबर बेल्टही बदलून घ्यावा.

थर्मोस्टॅटचे घर बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकचे असते आणि जोडावर तडकते. नवे घर आणि नवी ओ-रिंग हाच उपाय. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागते, आणि काही इंजिनांत कूलंट रेडिएटरऐवजी आडवाटेने फिरत राहून गाडी उलट जास्त तापते.

इंजिनाच्या आतील गळती : इथे थांबावे

बाहेर कुठेही खूण नाही आणि कूलंट मात्र जाते, तर हेड गॅसकेट, तडा गेलेले हेड, ऑइल कूलर किंवा डिझेल गाडीतील ईजीआर कूलर (इंजिनात परत नेला जाणारा धूर गार करणारा भाग) यांपैकी काहीतरी असते. घरी करण्यासारख्या तपासण्या इतक्याच. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ किंवा पातळी वाढलेली असेल तर त्यात कूलंट गेले आहे. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस असणे पुरेसे नाही. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो दमटपणाने धरतो. गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा फुगला, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरत आहे, कारण इतक्या लवकर उष्णतेने तेवढा दाब तयार होऊ शकत नाही. गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. बाटलीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली की ज्वलनाचा वायू असल्यास द्रवाचा रंग बदलतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी मागून घ्यावी. ईजीआर कूलर फुटला तर ऑइल स्वच्छ राहते, बाहेर थेंब नसतो आणि कूलंट धुरावाटे निघून जाते, म्हणून त्याचा संशय उशिरा येतो.

ऑइलमध्ये कूलंट दिसले की गाडी पुन्हा सुरू करू नये, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. असे ऑइल बेअरिंगांना वंगण देत नाही, आणि सिलिंडरमध्ये कूलंट साचले असेल तर ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून किंवा सपाट गाडीवर चढवून न्यावी. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत नेऊ नये. हेडचे काम ठरले तर हेड लेथवाल्याकडे सपाटीसाठी आणि तड्यासाठी तपासले का, आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळले का, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे.

रस्त्यात लाल दिवा लागला तरीही हेच: एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, वळण सोडून पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे. गावात शिरेपर्यंतचे दोन किलोमीटर रेटले, तर होजची दुरुस्ती इंजिनाच्या दुरुस्तीत बदलते.

दुरुस्तीनंतर भरणे

गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घ्यावे. रंग हा प्रकार ओळखण्याचा आधार नाही. दोन कंपन्यांचे हिरवे वेगळ्या रसायनांचे असू शकते, आणि न जुळणारी कूलंट एकत्र आली की साका धरतो किंवा गंज रोखण्याची ताकद कमी होते. घट्ट कूलंट असेल तर बाटलीवरील प्रमाणात, सहसा निम्मे-निम्मे, डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये.

भरताना अडकलेली हवा काढणे आवश्यक आहे. शक्य असल्यास गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून सलग कूलंट येईपर्यंत सावकाश भरावे, मग झाकण लावून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा भरावी. पुढच्या दोन-चार दिवसांत ती थोडी खाली आली तर घाबरू नये, उरलेली हवा बाहेर पडत असते. त्यानंतर टेपवर नवी रेघ ओढून पंधरा दिवस सकाळी पाहत राहावे. रेघ हलली नाही तर घाटात जायला हरकत नाही. हलली आणि बाहेर ओघळ नसेल, तर बाटली न भरता त्याच पातळीवर गाडी जपून गॅरेजमध्ये न्यावी आणि दाबाची व निळ्या द्रवाची अशा दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली असेल, तर मात्र ती न चालवता टोचन करूनच न्यावी.